परक्या प्रजातींमुळे स्थानिक जीव खरंच बदलतात का?

रानवाट:
मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. परकी प्रजाती शिरली की स्थानिक प्रजाती नष्ट होतात, एवढंच सांगून मी धडा संपवला. एका मुलीने विचारलं, "बाई, सगळ्याच मरतात? एखादी बदलत नाही?" मी म्हटलं, उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात. ते उत्तर आता मलाच पटत नाहीये. चाळीस-पन्नास वर्षांत असा बदल झाल्याचं ठोस उदाहरण आहे का?

किडामुंगी:
आहे, आणि माझ्या अगदी जिव्हाळ्याचं आहे. रस शोषणाऱ्या किड्यांच्या सोंडा मोजण्यात माझी कित्येक वर्षं गेली. टाचणीवरचा वाळलेला किडा आधी दमट डबीत मऊ करायचा, मग पोटाखाली दुमडलेली सोंड ओल्या ब्रशने अलगद सरळ करायची. घाई केली की मोडलीच.

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये जडेरा नावाचा लाल-काळा किडा आहे. तिथे त्याचं मूळ झाड म्हणजे कपालफोडीच्या कुळातली एक वेल. तिचं फळ फुग्यासारखं, बी मधोमध. किडा सोंड फळात खुपसून ते बी शोषतो, त्यामुळे सोंड लांबच हवी. विसाव्या शतकाच्या मध्याला तिथे शोभेसाठी तैवानचा गोल्डन रेन ट्री लावला गेला. त्याची शेंग चपटी, बी सालीलगतच. 1980च्या दशकाच्या अखेरीस मोजलं तेव्हा वेलीवरच्या मादीची सोंड साधारण 9 मिलिमीटर भरली, या झाडावरच्या मादीची 7च्या आसपास. संग्रहालयातले जुने नमुने तारखेनुसार मांडले तर सोंड आखूड होत गेलेली सरळ दिसते.

खाणं बदललं म्हणून सोंड खुंटली असेल, ही शंका रास्त आहे. म्हणून पिल्लं अदलाबदल करून वाढवली. फरक टिकला, म्हणजे तो आनुवंशिक आहे. ऑस्ट्रेलियात तर उलटं घडलं: तिथे मोठ्या फुग्याची परकी वेल आली आणि तिथल्या किड्याची सोंड लांबली.

पाणकणीस:
म्हणजे निसर्ग आपसूक जुळवून घेतो. मग एवढी ओरड कशाला?

किडामुंगी:
नाही हो, असं कृपा करून म्हणू नका. कुठलाही किडा स्वतःहून सोंड आखडून घेत नाही. आखूड सोंडेचे काही आधीपासून असतात, नव्या झाडावर त्यांचं फावतं आणि त्यांची पिल्लं जास्त जगतात. ते मुळात नसतील तर निवड कशातून होणार?

ऑस्ट्रेलियात 1935 साली उसावरचे भुंगेरे खायला केन टोड नावाचा बेडूक आणला. त्याचं विष जबर. आज जिथे तो बराच काळ आहे तिथले लाल पोटाचे काळे साप त्याला तोंड लावत नाहीत, विषही जास्त पचवतात. त्यामागे किती साप मेले असतील! आणि गुआम बेटावर तपकिरी वृक्षसाप शिरला, तेव्हा जंगलातल्या पक्ष्यांना तेवढीही सवड मिळाली नाही. 12 स्थानिक जातींपैकी 10 त्या बेटावरून गेल्या.

रानवाट:
उद्या तासाला आधी त्या मुलीलाच हे सांगते. फळ्यावर दोन फळं काढीन, एक फुगीर, एक चपटं, आणि विचारीन, सोंड केवढी हवी?

किडामुंगी:
फळं कापून आडवा छेद काढा. बी सालीपासून किती आत आहे ते दिसलं की मुलं स्वतःच सांगतील.