पिशवी टेम्पोत टाकली की पदयात्री खोटा?

तापीकाठ: काल आपल्या गावाच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "ज्याची पिशवी टेम्पोत न पायात बूट, तो गडावर चालत गेला काय न एसटीने गेला काय, सारखंच." डोकंच सणकलं. मी शिरपूरहून ११ वेळा सप्तशृंगीला पायी गेलोय भो, चैत्राच्या उन्हात, धुळ्याच्या पुढे डांबर असं तापतं की चपलेचा तळ चिकटतो. आई ६२ व्या वर्षी आली होती. पिशवी टेम्पोत दिली, पण ओटीचा खण-नारळ पदरात गुंडाळून कमरेला बांधला तो थेट गडावरच सोडला. ती खोटी का?

देवपूरकर: मीच टाकलं होतं न मागे घेणार नाही. माझे आजोबा फडक्यात भाकरी-ठेचा बांधून जायचे, रात्री मंदिराच्या ओट्यावर पडायचे. आता पुढे डीजे, मागे पाण्याचे जार, आणि कहर म्हणजे पाच दिवस चालून शेवटच्या पाचशे पायऱ्यांना रुळावरून वर नेणारी ट्रॉली! मग चाललात कशाला?

तापीकाठ: डीजेचं बरोबर आहे, तेवढंच. आईला यात ओढू नका.

अमळनेरची सून: ट्रॉलीवर बोलायच्या आधी ऐका. ती २०१८ ला सुरू झाली. त्याआधी माझी मावशी गुडघ्यांमुळे दोनदा पायरीला डोकं टेकवून खालूनच परत आली, कुलदेवीचं तोंड न बघता. ट्रॉली झाली तेव्हा वर गेली न मूर्तीसमोर उभी राहून नुसती रडली. ती पाच दिवस चालणारी नव्हती म्हणून तिची यात्रा कमी का?

देवपूरकर: म्हाताऱ्यांचं मी बोललोच नाही. पंचविशीतली पोरं रांगेत असतात, त्यांचं बोलू राहिलो.

अमळनेरची सून: पोस्टमध्ये वय लिहिलं नव्हतं. आणि आम्ही बायका पहाटे ३ ला का निघतो माहितीये? ऊन चुकवायला म्हणता तुम्ही. उजाडल्यावर हायवेला आडोसा नसतो, हे कारण आहे. तुमच्या आजोबांना तो प्रश्न नव्हता.

आर्वीचा शेतकरी: तुम्ही ट्रॉलीवर भांडा. माझं शेत हायवेला लागून आहे, वडिलांपासून रामनवमीनंतर आम्ही पाण्याचे माठ ठेवतो. पौर्णिमा झाली की आठवडाभर बांधावरून प्लास्टिकचे ग्लास न पत्रावळ्या वेचतो. मागच्या साली गायीने ते खाल्लं, पोट फुगलं, डॉक्टर येईपर्यंत गेली. बूटवाले टाकतात न अनवाणीवालेही टाकतात.

तापीकाठ: दादा, आमच्या जथ्यानेही टाकलेत. खोटं बोलत नाही.

देवपूरकर: गायीचं वाईट वाटलं. अन् ताई, आडोशाचं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, मान्य. बुटांचं ठीक आहे, सोडतो. पण धडधाकट पोराने ट्रॉलीत बसू नये, यावरून हटणार नाही.

अमळनेरची सून: नका हटू. पोस्टमध्ये वय टाका मात्र.