डायपिकोलिनिक आम्लाचा आणखी एक स्फटिक: यावर पीएचडी द्यावी का?

गणेशखिंडकर

गेल्या दोन महिन्यांत पुण्यातले तीन प्रबंध वाचले. तिन्हींत कृती एकच. पिरिडिनच्या, म्हणजे पाच कार्बन आणि एक नायट्रोजन यांच्या कड्यावर कार्बॉक्सिल (आम्लाचा) गट असलेलं आम्ल घ्यायचं, बहुतेक वेळा डायपिकोलिनिक, म्हणजे पिरिडिन-२,६-डायकार्बॉक्सिलिक. त्यात कोबाल्ट, निकेल, तांबे, जस्त यांचे क्षार आळीपाळीने घालायचे, स्फटिक आला की क्ष-किरणांखाली धरायचा आणि बंधलांबींचे तक्ते छापायचे.

रचना हवी कशाला होती, हे एकाही प्रबंधात सापडलं नाही. डायपिकोलिनेट, म्हणजे या आम्लाचा आयन, धातूला तीन जागी धरतं: मधला नायट्रोजन आणि दोन बाजूंचे ऑक्सिजन. धातू धरल्यावर बनणारी दोन्ही कडी पाच-पाच अणूंची, म्हणून नायट्रोजन-धातू-ऑक्सिजन कोन ७५ ते ८० अंशांवर आखडतो आणि समोरासमोरचे ऑक्सिजन १८० ऐवजी १५० ते १६० अंशांवर राहतात. एवढं तर स्फटिक न वाढवताही सांगता येतं. रसायनशास्त्रज्ञ व्हेर्नरने १८९३ मध्ये क्ष-किरणांशिवाय धातूभोवतीच्या सहा जोडण्यांचा अष्टफलक ओळखला, कारण त्याच्यापुढे प्रश्न होता. प्रश्नच नसेल तर नुसत्या रचनांवर पीएचडी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

निळी_कुपी

सर, मी लहान कॉलेजात शिकवते आणि हेच काम करते, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

व्हेर्नरचं म्हणणं बरोबर होतं, पण अमोनियम क्लोरोप्लॅटिनेटमधला अष्टफलक क्ष-किरणांनी दिसला तो १९२१ मध्ये. तोवर व्हेर्नर जाऊन दोन वर्षं झाली होती. तर्क बरोबर असला तरी कुणीतरी बघावंच लागतं.

आणि ‘न वाढवताही सांगता येतं’ हे फक्त धातूच्या लगतच्या अणूंपुरतं खरं आहे. पाण्याचे रेणू किती येतील, कार्बॉक्सिलेटचा मोकळा ऑक्सिजन शेजारच्या तांब्याला पकडून साखळी करेल की रेणू सुटाच राहील, हे आधी सांगून दाखवा. द्रावणाचा सामू थोडा हलवला की त्याच दोन पदार्थांतून वेगळा स्फटिक येतो. गेल्या जुलैत तांब्याच्या द्रावणाची माझी कुपी अठरा दिवस तशीच्या तशी होती. हवाच इतकी दमट की बाष्पीभवन होईना. एकोणिसाव्या दिवशी तळाशी निळ्या सुया दिसल्या. मूळ द्रावणातून बाहेर काढल्या तर पाणी सोडून पांढुरक्या पडायच्या, म्हणून पॅराफिन तेलाचा थेंब लावून पाषाणच्या प्रयोगशाळेत मोजायला नेल्या. ज्या विद्यार्थिनीने हे केलं तिला रसायनशास्त्र हाताने कळलंय.

पाषाण_रस्ता

मी डिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक मोजायच्या यंत्रावर बसतो, रोज असे नमुने येतात. गणेशखिंडकरांशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे.

क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. कोबाल्टचे २७, निकेलचे २८, तांब्याचे २९. रचना सोडवताना चुकून शेजारचा धातू बसवला तरी आर फॅक्टर (रचना मोजणीशी किती जुळते याचा आकडा) फारसा बिघडत नाही. २०१० मध्ये अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ई या नियतकालिकाने किमान ७० रचना मागे घेतल्याचं जाहीर केलं. कित्येक ठिकाणी एकाच मोजणीत धातू बदलून ‘नवी’ संयुगं केलेली होती. ते छापून गेलं, कारण चार धातूंची मालिका वाचायला कुणी थांबतच नाही. मूलद्रव्यांचं विश्लेषण आणि चुंबकीय मापन सोबत नसेल तर मी अशा रचनेवर विश्वास ठेवत नाही, मग ती कुणाचीही असो.

निळी_कुपी

हे मान्य, शंभर टक्के. पण हा आक्षेप हलगर्जीपणावर आहे, कामावर नाही. केंब्रिजचा रचनासंग्रह १९६५ पासून भरत आलाय आणि २०१९ मध्ये त्याने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. तांबे-नायट्रोजन अंतर सामान्यतः किती, हे आज सरासरी काढून सांगता येतं ते असल्या ‘कंटाळवाण्या’ रचनांमुळेच.

गणेशखिंडकर

मग संग्रहात जमा करा. शोधनिबंध न लिहिताही रचना थेट जमा करता येते. माझा वाद पदवीचा आहे.

हेच आम्ल घेऊन प्रश्न किती विचारता येतात बघा. जिवाणूंच्या बीजाणूंत कॅल्शियम डायपिकोलिनेट खच्चून भरलेलं असतं. टर्बियमला हे आम्ल जोडलं की ते हिरवं चमकतं, त्यावरून बीजाणू ओळखतात. धाकटं भावंड पिकोलिनिक आम्ल: त्याचं व्हॅनेडियम संकुल अणुभट्टीच्या नळ्यांवरचा किरणोत्सारी ऑक्साइडचा थर काढायला वापरलंय. आयसोनिकोटिनिकमध्ये नायट्रोजन आणि कार्बॉक्सिल कड्याच्या दोन विरुद्ध टोकांना, एकाच धातूला दोन्हींनी धरता येत नाही, म्हणून जाळी तयार होते. अशा सच्छिद्र जाळ्यांच्या कामालाच २०२५ चं नोबेल मिळालं. तुमच्या विद्यार्थिनीच्या सुया पाणी सोडून पांढुरक्या पडतात असं तुम्हीच लिहिलंत. पाणी गेल्यावर तांब्याची ती जागा रिकामी राहते की शेजारचा ऑक्सिजन तिथे येऊन बसतो? परत पाणी दिलं तर निळा रंग परततो का? यावर मी आनंदाने पीएचडी देईन.

निळी_कुपी

रंग परततो. दमट हवेत झाकण उघडं राहिलं तेव्हा पाहिलंय, पण नोंद केली नव्हती. पाषाण_रस्ता, कोरड्या नायट्रोजनच्या झोतात तोच स्फटिक न फुटता दोनदा मोजता येईल का? सुया ०.२ मिलिमीटरच्या आहेत.

पाषाण_रस्ता

फुटायची शक्यता जास्त. आधी भुकटीवर करून बघू. अर्धा ग्रॅम तरी आणा, आणि तेल लावू नका.