मदत हवी आहे: अवयवदानाच्या प्रश्नावलीत सगळेच 'हो' म्हणतायत

एम.एस.डब्ल्यू.चा (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) लघुप्रबंध करतेय. पदवीच्या विद्यार्थ्यांना अवयवदानाबद्दल काय माहीत आहे आणि काय वाटतं, हा विषय. गाईडची मंजुरी झालीय, त्यामुळे विषय बदल असं कृपया सुचवू नका.

आधी 20 जणांकडून गूगल फॉर्म भरून घेतला. 'तुमचा पाठिंबा आहे का?' याला एकजात 'हो'. नंतर कॅन्टीनमध्ये त्यातलाच एक म्हणाला, "कोमातला माणूस उठतो की कधीतरी, लगेच कसं काढून घेणार?" म्हणजे कोमा (बेशुद्ध, पण जिवंत) आणि ब्रेन डेड (मेंदू कायमचा बंद, म्हणजे मृत्यूच) यातला फरकच माहीत नाही, आणि माझ्या फॉर्मला त्याचा पत्ताही नाही! डोनर कार्ड (अवयवदानाची इच्छा नोंदवणारं कार्ड) भरलं की काम झालं, असंही अनेकांना वाटतं. ऐनवेळी घरच्यांची संमती घेतली जाते हे त्यांना नवीनच.

मग पाच पर्याय दिले, तर निम्मे 'सांगता येत नाही'वर जाऊन बसले. ब्रेन डेडसाठी 'मस्तिष्कस्तंभ मृत्यू' असा शुद्ध शब्द वापरला, तर मुलं माझ्याच तोंडाकडे बघायला लागली.

आता छापील फॉर्म आहे, जास्तीत जास्त 15 प्रश्न, वेळ दहा मिनिटं. मेडिकल-नर्सिंगची मुलं यात नाहीत.

एक प्रसंग द्यावा असं वाटतंय: भाऊ व्हेंटिलेटरवर, छाती हलतेय, डॉक्टर म्हणतात मेंदू मृत झालाय, तुम्ही अवयवदानाच्या संमतीवर सही कराल का? पण 'नाही' आलं तर ते अज्ञान समजायचं की मत? हे दोन्ही वेगळं मोजायला प्रश्न कसे पाडावेत, आणि कुणाच्या घरी असं खरंच घडलं असेल तर हा प्रसंग विचारावा का?