डिफरन्शियल बदलण्याआधी मागचं झाकण उघडा

दादा, तुमच्या एमजीबीला (जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला) ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की मागून 'टण्ण' होतं, आणि मेकॅनिक म्हणतो अख्खं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) बदला. घाई करू नका बाप्पा. सलग घुंई आवाज असेल तर क्राउन-पिनियनचा, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मुख्य गिअरजोडीचा संशय घ्या. नुसता टण्ण बहुतेकदा स्वस्तातला असतो.

आधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागे फिरत येणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, हातानं हलवून बघा. तारांची चाकं असतील तर हबच्या खाचाही बघा. झिजून दात टोकदार झाले की अगदी असाच आवाज येतो. मग डिफरन्शियल. मागे बोल्टचं झाकण असेल तर ॲक्सल उतरवायची गरजच नाही. हाफशाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) ओढा, छोटे गिअर धरणारी पिन ठोकून काढा, छोट्या गिअरांमागचे तांब्याचे आणि मोठ्यांमागचे फायबरचे वॉशर बदला. माझे फायबरचे वॉशर तेलात चुरा होऊन निघाले होते. क्राउन-पिनियनच्या सेटिंगला हात लागत नाही. वर ईपी ९० हे गिअरचं तेल भरा.

मागच्या कमानी (पाट्यांच्या स्प्रिंग) बसल्या असतील तर नागपूरजवळच्या वाडीकडे ट्रकच्या कमानी करणाऱ्यांकडे न्या, पण दोन्ही एकदम. एकच केली तर गाडी तिरकी उभी राहते. मी ते करून बसलोय. रबरी बुश मात्र नवेच टाका, आपल्या मे महिन्यात जुनं रबर कडक होऊन तडकतं. शॅकलचे (कमानीचं टोक गाडीला जोडणाऱ्या पट्ट्यांचे) नट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी, जॅकवर नाही.

लिव्हरवाल्या शॉकॲब्सॉर्बरचा दांडा सुटा करून वर-खाली करा. मध्येच ढिला पडला तर आधी तेल भरून बघा.