मदत हवी आहे : अधिवृक्क ग्रंथीचा (मूत्रपिंडावरील अ‍ॅड्रेनल ग्रंथीचा) गाभा मुलांना कसा समजावावा?

नमस्कार. पुण्यात अकरावीला जीवशास्त्र शिकवताना मी एका ठिकाणी अडखळले आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या मागच्या भागात अधश्चेतकातील (मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील) चेतापेशींचे तंतू थेट उतरतात आणि ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (हार्मोन) तेथूनच रक्तात सोडतात. पुढच्या भागाला मात्र अधश्चेतकाचा निरोप रक्तवाहिन्यांच्या छोट्या जाळ्यातून संप्रेरकांच्या रूपात मिळतो, इथपर्यंत मुलांना पटते. अडचण अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्याची आहे. स्वारगेटच्या चौकात अचानक बस अंगावर आली, की चेतातंतूंच्या इशाऱ्यावर हा गाभा अ‍ॅड्रेनलिन रक्तात सोडतो आणि धोका टळल्यावरही (पुणेकरांना हे निराळे सांगायला नको) छाती काही वेळ धडधडत राहते. मग त्याला ग्रंथी म्हणावे की चेतासंस्थेचाच बदललेला भाग? हे फळ्यावर आकृतीतून कसे दाखवावे, ते कोणी शिकवले असल्यास कृपया सांगावे.