मदत हवी आहे: वस्तीवरील दरोड्यानंतर मामा-मामींना सोबत आणि आधार कुठून मिळेल?

नमस्कार.

अहिल्यानगर जिल्ह्यात, गावापासून दीड किलोमीटर अंतरावर स्वतःच्या शेतात माझे मामा आणि मामी राहतात. मामांचे वय 71 आहे, मामी 66 वर्षांच्या आहेत. त्यांची दोन्ही मुले नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात. सात आठवड्यांपूर्वी रात्री दोनच्या सुमारास चार-पाच जण दाराची कडी तोडून घरात शिरले. मामांना लोखंडी गजाने मारहाण झाली आणि त्यांचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. मामींच्या कानांतील फुले ओरबाडून काढताना दोन्ही पाळ्या फाटल्या. मंगळसूत्र, पाटल्या आणि कांदा विकून आलेली रोख रक्कम गेली.

गुन्हा नोंद झाला आहे, दोन संशयितांना अटक झाली आहे आणि तपास चालू आहे. माझा प्रश्न त्या रात्रीनंतर या दोघांचे जे झाले आहे त्याविषयी आहे.

मामी रात्री झोपत नाहीत. दिवेलागण झाली की त्या सगळी दारे-खिडक्या लावून घेतात आणि कुत्रे भुंकले की उठून भिंतीला पाठ लावून बसतात. रात्रीच्या विजेच्या आठवड्यात चाळीस वर्षे एकट्याने पिकाला पाणी देणारे मामा आता अंधार पडल्यावर मोटार चालू करायलाही बाहेर पडत नाहीत. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे धारा काढता येत नाहीत, म्हणून दोन गायींपैकी एक विकावी लागली. त्या रात्रीबद्दल ते बोलत नाहीत. मी एकदाच विचारले तेव्हा म्हणाले, “माझ्या डोळ्यांदेखत तिच्या कानाला हात घातला आणि मला काही करता आले नाही.” त्यानंतर तो विषय त्यांनी माझ्याशी पुन्हा काढला नाही.

पहिले आठ-दहा दिवस भावकीतील आणि शेजारच्या वस्त्यांवरील माणसे रोज येत होती, डबे आणत होती, रात्री मुक्कामाला थांबत होती. पुढे कामाचे दिवस आले आणि ज्याचा-त्याचा नाइलाज झाला, याबद्दल माझी कोणाविषयीही तक्रार नाही. मात्र भेटायला येणारा प्रत्येक जण आपुलकीनेच “काय झाले, कसे झाले” असे विचारतो आणि मामींना ती रात्र पहिल्यापासून सांगावी लागते. पाहुणे निघून गेल्यावर त्या दिवशी त्यांचे जेवण होत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

पोलीस ठाण्यातून मामांना जबाबासाठी तीन वेळा तालुक्याला बोलावण्यात आले. प्लास्टरमधला हात घेऊन एसटीने जाणे, बाकावर दोन-दोन तास बसणे आणि “साहेब बाहेर गेले आहेत” असे ऐकून परत येणे, असे त्यांपैकी दोन वेळा घडले. आता ओळख परेडसाठी, म्हणजे रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून आरोपी ओळखण्यासाठी, बोलावतील असे कळले आहे आणि मामींच्या मनावर त्याचेच सर्वांत मोठे दडपण आहे. दरोडेखोरांच्या तोंडाला फडकी बांधलेली होती. मामी म्हणतात, “मला फक्त डोळे दिसले. चुकून दुसऱ्याच कोणाकडे बोट केले तर त्याच्या लेकराबाळांचा तळतळाट मला लागेल, आणि नाही ओळखले तर ते सुटून परत येतील.” या दोन भीतींच्या मध्ये ती बाई दिवसरात्र पिळवटून निघते आहे.

मी 181 या महिला हेल्पलाइनवर फोन केला होता. पलीकडच्या ताई मामींशी अतिशय शांतपणे बोलल्या आणि त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये (हिंसाचार सोसलेल्या महिलांना एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या सरकारी केंद्रात) जाण्यास सुचवले. मामांसाठी काय, असे विचारल्यावर मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हते आणि तो त्यांचा दोष नाही, कारण ती सेवाच महिलांसाठी आहे. एकाच रात्री, एकाच खोलीत दोघांवर हल्ला झाला असताना एकासाठी दार उघडते आणि दुसऱ्याला ते कुठे आहे हेसुद्धा सांगता येत नाही, याने मी व्यथित झाले आहे.

जखमी झालेल्यांना शासनाकडून भरपाई मिळते असे ऐकले आहे. ती दरोड्याच्या प्रकरणात मिळते का, आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबावे लागते का? ग्रामीण भागात राहणाऱ्या, “मला वेड लागले आहे का?” असे म्हणून समुपदेशनाला नकार देणाऱ्या वृद्ध पुरुषापर्यंत मानसिक आधार कसा पोहोचवावा? आणि पोलीस ठाणे, ओळख परेड, पुढे न्यायालय या सगळ्या ठिकाणी त्यांच्याबरोबर जाऊन, काय चालले आहे ते त्यांना समजेल अशा भाषेत सांगणारे कोणी असते का? मी पुण्यात असते आणि प्रत्येक वेळी पोहोचणे मला शक्य होत नाही.

— पाणवठा


प्रतिसाद: रानवाट

पाणवठाताई, मी काही वर्षे तालुका विधी सेवा समितीबरोबर (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेबरोबर) स्वयंसेवक म्हणून काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

भरपाईसाठी खटला संपण्याची वाट पाहावी लागत नाही. 2008 च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 357अ आले आणि त्यानुसार महाराष्ट्राने 2014 मध्ये पीडितांसाठी नुकसानभरपाई योजना केली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम 396 मध्ये आहे. आरोपी सापडलाच नाही आणि खटला उभाच राहिला नाही, तरीसुद्धा जखमी व्यक्ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकते आणि प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावी असे कायदा म्हणतो. तातडीची अंतरिम मदत आणि मोफत वैद्यकीय उपचार यांचा आदेश देण्याचा अधिकारही प्राधिकरणाला आहे. त्यासाठी पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा किंवा दंडाधिकाऱ्यांचा दाखला लागतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचे कार्यालय असते, तेथे प्रत्यक्ष जावे. प्रथम खबरेची, म्हणजे एफआयआरची, प्रत (ती विनामूल्य मिळणे हा हक्क आहे), रुग्णालयाची कागदपत्रे, क्ष-किरण अहवाल, बँक पासबुक आणि आधार कार्ड बरोबर न्यावे. अस्थिरोगतज्ज्ञांकडून मामांच्या हाताला कायमचे किती अपंगत्व आले आहे किंवा येण्याची शक्यता आहे हे स्पष्ट लिहून घ्यावे, कारण नुसत्या “फ्रॅक्चर” या शब्दावर अर्ज दुबळा राहतो. चोरीला गेलेल्या ऐवजाची किंमत या योजनेतून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. दागिने हस्तगत झाले तर ते न्यायालयाकडे अर्ज करून सुपूर्दनाम्यावर (मागितल्यास पुन्हा हजर करू अशा लेखी हमीवर) परत घेता येतात आणि त्यासाठी खटल्याच्या निकालापर्यंत थांबावे लागत नाही.

मामांना तीन वेळा तालुक्याला बोलावले, हे वाचून वाईट वाटले, कारण ते टाळता आले असते. नव्या संहितेच्या कलम 179 नुसार 60 वर्षांवरील पुरुषाला, कोणत्याही वयाच्या स्त्रीला आणि गंभीर आजारी किंवा अपंग व्यक्तीला साक्षीदार म्हणून जबाब देण्यासाठी राहत्या ठिकाणाव्यतिरिक्त अन्यत्र बोलावता येत नाही. यापुढे फोन आला तर भांडण न करता, “वयामुळे आणि दुखापतीमुळे जबाब घरी घ्यावा” असा साधा लेखी अर्ज द्यावा आणि पोहोच घ्यावी. कलम 193 नुसार तपास कुठवर आला आहे हे 90 दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, तेही अर्जात नमूद करावे.

ओळख परेडविषयी मामींना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा: कोणाला तरी ओळखलेच पाहिजे असे त्यांच्यावर कोणतेही बंधन नाही. परेड कार्यकारी दंडाधिकारी घेतात, बहुधा कारागृहात, आणि त्या वेळी पोलिसांनी तेथे थांबायचे नसते. “मला ओळखता येत नाही” हे खरे असेल तर तेच योग्य उत्तर आहे. खटला एवढ्यावरच उभा राहत नाही. सापडलेला मुद्देमाल, बोटांचे ठसे, मोबाइलच्या नोंदी हे सगळे त्यात असते. तुमच्या मामींना निर्दोष माणसाची जी काळजी वाटते, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी अतिशय आदर वाटतो.

सोबतीबद्दल: स्त्री म्हणून मामींना उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, कारण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 मध्येच तशी तरतूद आहे. मामांना उत्पन्नाच्या मर्यादेत बसावे लागेल. पण दोघांची फिर्याद एकच आहे, म्हणून मामींच्या नावाने अर्ज करा, म्हणजे सरकारी वकिलांना साहाय्य करणारा तोच वकील न्यायालयाच्या परवानगीने दोघांच्याही उपयोगी पडेल. प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवकांची यादी असते. त्यांपैकी जवळच्या गावातील कोणी पोलीस ठाण्यापर्यंत बरोबर येईल का, असे स्पष्ट विचारावे, कारण न विचारता ते कोणी सुचवत नाही असा माझा अनुभव आहे. आरोपी जामिनावर सुटले आणि धमकी आली, तर 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्ह्यातील सक्षम प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. जिल्हा व सत्र न्यायाधीश त्याचे प्रमुख असतात.


प्रतिसाद: सांजवात

माझ्या वडिलांवर असाच प्रसंग आला होता, म्हणून मामांविषयी लिहिते. “समुपदेशन” हा शब्द त्यांच्यापुढे आम्ही कधीही उच्चारला नाही. हाताच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात गेलो तेव्हा आधी हाताच्या डॉक्टरांना विश्वासात घेतले आणि त्यांनीच “झोप लागत नाही म्हणता, तर शेजारच्या विभागात दाखवून या” असे सांगितले. तो मनोविकार विभाग होता. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत फक्त झोपेबद्दल आणि शेतीबद्दल विचारले. तिसऱ्या भेटीत वडील स्वतःहून बोलले. जाणे शक्य नसेल त्या काळात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येते, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे, तेथे पुरुष-स्त्री असा भेद नाही.

भेटायला येणाऱ्यांना हकिकत सांगण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणीतरी, शक्यतो अंगणातच, करावे. आमच्याकडे ते माझ्या चुलतभावाने केले. तसेच आपल्या गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा कार्यरत आहे का ते ग्रामपंचायतीत विचारा. संकटाच्या वेळी एक फोन केला की गावातील सर्व नोंदणीकृत मोबाइलवर एकाच वेळी संदेश जातो. वडिलांच्या फोनमध्ये तो क्रमांक पहिला ठेवला आणि एकदा चाचणी म्हणून वापरून दाखवला. माणसे खरोखर धावत आली, त्यानंतर वडील घरात झोपू लागले.


पाणवठा

आपणा दोघांचे मनापासून आभार. घरी जबाब घेण्याची तरतूद मी मामांना फोनवर वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे मी गेलो नसतो तरी चालले असते.” त्यांच्या आवाजात राग होता, आणि सात आठवड्यांत प्रथमच मी त्यांना रागावलेले ऐकले.

सोमवारी मी रजा घेऊन दोघांना जिल्ह्याला नेत आहे: सकाळी विधी सेवा प्राधिकरण, त्यानंतर हाताची तपासणी आणि सांजवातताईंनी सांगितल्याप्रमाणे शेजारचा विभाग. मामी सखी केंद्रात यायला तयार आहेत, पण “हे बाहेर बसणार असतील तरच” अशी त्यांची अट आहे. ग्रामसुरक्षा यंत्रणेविषयी सरपंचांशी मामेभाऊ बोलणार आहे. ओळख परेडची तारीख अजून कळलेली नाही. त्या दिवशी मला येता आले नाही तर मामींबरोबर कारागृहाच्या दारापर्यंत जाऊन त्या बाहेर येईपर्यंत थांबू शकेल अशी जिल्ह्यातील एखादी अनुभवी ताई कोणाच्या ओळखीत असेल, तर कृपया मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. जाण्या-येण्याचा खर्च आणि त्या दिवसाचे जेवण आमच्याकडे असेल.