मदत हवी आहे: दुकान ते गाळा इंटरनेट फोन, बरोबर अर्ध्या मिनिटाने कट होतो

पितळी घंगाळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

जुन्या नाशकात भांडीबाजाराजवळ आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे आणि अंबडला एमआयडीसीत एक लहान गाळा. तिथे ठोक्याचं आणि पॉलिशचं काम चालतं. दुकानाची लँडलाइन तांब्याच्या तारेवर होती. रस्ता खोदला, तार तुटली, जोडली, पुन्हा खोदला, पुन्हा तुटली. शेवटी त्याच कंपनीने फायबरवर घेतलं. ०२५३चा जुना नंबर तसाच राहिला, ही मोठीच गोष्ट, कारण पाटीपासून बिलबुकापर्यंत सगळीकडे तोच छापलाय. 'तांब्याच्या दुकानातून तांब्याची तार गेली' हा माझा विनोद सासऱ्यांना अजिबात आवडलेला नाही.

तो फोन नीट चालतो. फायबरचा डबा माळ्यावर आहे. आमच्याकडे गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की खालचा माल वर चढवायचा असतो, त्यामुळे विजेवर चालणारं काहीही मुळात खाली ठेवतच नाही. तिथून फोनची वायर गल्ल्यापर्यंत आणली आहे.

घोळ आहे तो गाळ्याच्या फोनचा. गाळा पत्र्याचा, आत मोबाइलला रेंज नाही. कारागिरांचे हात पॉलिशने काळे झालेले, खिशातला मोबाइल कोण काढणार? इकडे गिऱ्हाईक समोर उभं असतं, 'पाच लिटरचा मठारलेला हंडा शनिवारपर्यंत होईल का?' आणि उत्तर त्याच मिनिटाला द्यायचं असतं. म्हणून भिंतीवर साधा फोन हवा. उचलायचा, बोलायचं, ठेवायचा.

माझ्या दिराने इंटरनेटवरच्या एक्स्चेंजचं एक खातं काढलं आणि दोन अडॅप्टर आणले. अडॅप्टरच्या एका भोकात साधा फोन, दुसऱ्यात राउटरकडून आलेली नेटची वायर. दुकान २०१, गाळा २०२, माझ्या मोबाइलमधलं ॲप २०३. बाहेरचे कॉल यावरून येत-जात नाहीत, फक्त आपापसात. दीर हे सगळं लावून पुण्याला गेला आणि आता तो रात्री अकरानंतरच सापडतो.

अडचणी अशा:

फोन लागतो, पण थोड्या वेळाने कट होतो. दोन दिवस मी गल्ल्यामागच्या घड्याळावर बघून वहीत मांडलं: ३२ सेकंद, ३१, ३२, ३२, ३२. इतकं शिस्तीत आमच्याकडे दुसरं काहीच चालत नाही.

गाळ्यातला माणूस बोललेलं मला ऐकू येतं, माझं त्याला येत नाही. तो बापडा 'हॅलो हॅलो' करत बसतो.

आणि कधीकधी, विशेषतः दुपारी बराच वेळ फोन झाला नसेल तर, गाळ्यात बेलच वाजत नाही. इकडे मला रिंग ऐकू येते.

नेट दोन्हीकडे फायबरचं, १०० एमबीपीएस. अडॅप्टर अदलाबदल करून पाहिले, फोनही बदलून पाहिला. नेटवाल्यांच्या मदत केंद्रात एकच उत्तर, 'मॅडम, स्पीड बरोबर येतोय.' स्पीड बरोबर आहे हे मलाही दिसतंय हो. दोष नेमका कुठे शोधायचा, तेवढं सांगा. मी हिशेब बघते, वायरिंग नाही, तेव्हा जरा सोप्या भाषेत.

निवांत नाशिककर

भाऊ, एवढा खटाटोप कशाला? गाळ्यात वायफाय आहे ना? मग व्हॉट्सॲपवर बोला. नाहीतर मोबाइलमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करा. २०१९-२०पासून आपल्याकडे आहे की. रेंज नसली तरी नेहमीच्या नंबरवर फोन येतो, वेगळं ॲप लागत नाही.

पितळी घंगाळ

भाऊ नाही, ताई. :) वायफाय कॉलिंग मी स्वतः घरी वापरते, छान चालतं. पण गाळ्यात तिघांपैकी दोघांकडे बटणांचे फोन आहेत, आणि तिसऱ्याचा मोबाइल जेवणाच्या डब्याच्या पिशवीत असतो. फोन भिंतीवरच हवा.

तारयंत्र

ताई, वहीत मांडलंत हे फार बरं केलंत. अर्धं निदान त्या ३२च्या आकड्यातच आहे. पण आधी दोन गोष्टी करून बघा आणि इथे सांगा. एक, गाळ्यातून दुकानात फोन लावायला सांगा आणि तोही ३२ सेकंदांनी कट होतो का ते बघा. दोन, गाळ्यात राउटर किती आहेत ते मोजा. कंपनीने दिलेला डबासुद्धा धरायचा.

सातपूरचा वायरमन

ते बघेपर्यंत माझं ऐका. गाळ्यात सीसीटीव्ही असेल आणि कॅमेरे दिवसभर नेटवर चित्र चढवत असतील, तर आवाज तुटक येतो. आमच्याकडे झालं होतं. जाणारा वेग सगळा कॅमेरे खातात आणि आवाज रांगेत उभा राहतो.

तारयंत्र

वायरमनदादा, मुद्दा खरा आहे, पण त्यात आवाज कापरा होतो, एका बाजूने पूर्ण गायब होत नाही. आणि कापाकापी ३२ सेकंदांचं घड्याळ लावून होत नाही.

पितळी घंगाळ

करून पाहिलं. गाळ्यातून दुकानात लावलेला फोन कट होत नाही. तब्बल चार मिनिटं लाइन चालू ठेवली. पण माझा आवाज तेव्हाही त्यांना गेला नाही. चार मिनिटं मी त्यांचे ठोके ऐकत बसले.

राउटर दोन आहेत. कंपनीचा डबा दाराजवळ आहे. तिथून वायर घेऊन आत पॉलिशच्या खोलीजवळ आमचा स्वतःचा वायफाय राउटर लावलाय, आणि अडॅप्टर या आतल्या राउटरला आहे. दुकानात एकच डबा आहे.

तारयंत्र

सापडलं. आता जरा सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीच दिराला सांगाल.

इंटरनेट फोनमध्ये दोन वेगवेगळी कामं चालतात. कोण कोणाला बोलावतंय, बेल वाजव, उचलला, ठेवला, ही बोलणी एसआयपी नावाच्या पद्धतीने होतात. प्रत्यक्ष आवाज आरटीपीने स्वतंत्र जातो. एसआयपी म्हणजे मध्यस्थ समजा. लग्न तो जुळवून देतो, संसार आरटीपीला करायचा असतो. म्हणून बेल वाजते, फोन उचलला जातो आणि तरी आवाज येत नाही, असं होऊ शकतं.

आवाजाला वेग किती लागतो? नेहमीच्या जी.७११ पद्धतीत आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतात, त्याचे ६४ केबीपीएस होतात. २० मिलिसेकंदांचा एक तुकडा, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. प्रत्येक पाकिटावर पत्ता लिहायचा, तो धरून एका दिशेला ८० ते ९० केबीपीएस. तुमच्याकडे १०० एमबीपीएस आहेत, म्हणजे हजारपट जास्त. मदत केंद्र स्पीड बघत बसलं तर त्यांना जन्मात काही सापडणार नाही.

घोळ पत्त्याचा आहे. राउटरच्या आतल्या यंत्रांना घरगुती पत्ते असतात, १९२.१६८ने सुरू होणारे. ते बाहेरच्या जगात चालत नाहीत. अडॅप्टर आपल्या निरोपात स्वतःचा पत्ता लिहितो, 'मला उत्तर इथे द्या' म्हणून. बऱ्याच राउटरांमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय असते. ती निरोप उघडते, घरगुती पत्ता खोडते आणि राउटरचा बाहेरचा पत्ता लिहिते. हेतू चांगला. पण तुमच्या आतल्या राउटरचं 'बाहेर' म्हणजे कंपनीच्या डब्याचं 'आत'! त्याने जो पत्ता लिहिला तोही घरगुतीच. एक्स्चेंज त्या पत्त्यावर पाकिटं पाठवतंय आणि ती कुठेच पोहोचत नाहीत. म्हणून गाळ्यातून निघालेलं सगळं येतं आणि गाळ्याकडे जाणारं हरवतं.

आता ३२ सेकंद. दुकानातून फोन आला, गाळ्याने उचलला. गाळ्याचा अडॅप्टर कळवतो, 'उचलला.' त्यावर एक्स्चेंजने 'कळलं' म्हणायचं असतं. एक्स्चेंज म्हणतंही, पण चुकीच्या पत्त्यावर. अडॅप्टर पुन्हा पुन्हा 'उचलला, उचलला' सांगत राहतो आणि शेवटी कंटाळून फोन सोडतो. किती वेळ थांबायचं हे एसआयपीच्या २००२च्या नियमावलीत ठरलेलं आहे: अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट. करा हिशेब, तो तर तुमचाच प्रांत. गाळ्याने स्वतः फोन लावला की 'कळलं' म्हणायची पाळी गाळ्याची, आणि तिथून जाणारं पोहोचतंच. म्हणून तो कट होत नाही.

आधी अडॅप्टरची वायर सरळ कंपनीच्या डब्यात घालून बघा. चाललं तर आतल्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' करा, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, पत्ते वाटणार नाही. तरीही रडला तर कंपनीच्या डब्यातलं एसआयपी एएलजी बंद करायला लावा. ग्राहकाच्या लॉगिनला ते बहुधा दिसत नाही, लाइनमनकडून करून घ्यावं लागतं. तोही दाद देत नसेल तर अडॅप्टर आणि एक्स्चेंज दोन्हींत टीएलएस चालू करा. निरोप कुलूपबंद झाला की राउटरला तो उघडताच येत नाही, खाडाखोड दूरच.

दुपारच्या न वाजणाऱ्या बेलचं कारण वेगळं. बराच वेळ काही ये-जा नसेल तर राउटर ती वाट बुजवून टाकतो. अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये 'कीप अलाइव्ह' असतं, म्हणजे ठरावीक वेळाने छोटा निरोप पाठवून वाट उघडी ठेवणं. ते २० सेकंद ठेवा.

एकदा पोळलेला

सेटिंग उघडताच आहात तर अडॅप्टरचा आणि एक्स्टेन्शनचा पासवर्ड बदला. २०२चा पासवर्ड २०२ ठेवणारे लोक मी पाहिलेत, त्यात मीही होतो. जगभरातून यंत्रं रात्रंदिवस असे पासवर्ड लावून बघत असतात. तुमच्यावर बाहेरचे कॉल नाहीत म्हणून नुकसान कमी. आमच्यावर होते. एका रविवारी परदेशी कॉलचं जे बिल आलं ते बायकोला अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

पितळी घंगाळ

मंडळी, चाललं!

सकाळी रिक्षाने अंबडला गेले. अडॅप्टर उचलून दाराजवळच्या डब्याला लावला आणि मोबाइलवरून दीर ऐकत असताना दुकानात सासऱ्यांना सांगितलं, २०२ फिरवा. माझा आवाज त्यांना, त्यांचा मला. आम्ही दोघांनी घड्याळ धरलेलं. तीस, एकतीस, बत्तीस, तेहेतीस... चाळीसला सासरे म्हणाले, 'आता ठेवू का? गिऱ्हाईक आलंय.'

मग दिराने सांगितलं तसा आतला राउटर ॲक्सेस पॉइंट केला आणि अडॅप्टर परत आत नेला. तरीही चालतो. कंपनीच्या डब्याला हात लावायची वेळ आली नाही. कीप अलाइव्ह २० केलं, दुपारी तीनला मुद्दाम फोन लावला, वाजला. पासवर्डही बदलले (२०१चा २०१ होता. दिराला सांगितलंय).

तारयंत्र, तुमचं 'मध्यस्थ आणि संसार' मी दिराला ऐकवलं. तो म्हणे, हे कॉलेजात कोणी सांगितलं नाही.

दोन छोटे प्रश्न उरलेत. वीज गेली की दुकानातला फोन मरतो, जुना कधीच मरायचा नाही. आणि सासऱ्यांकडे बोट घालून फिरवायचा काळा फोन आहे. तो फायबरच्या डब्याला लावला तर बेल वाजते, बोलताही येतं, पण नंबर लागत नाही.

सातपूरचा वायरमन

जुन्या तारेत एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे, म्हणून घरची वीज गेली तरी फोन जिवंत. फायबर म्हणजे काच, त्यातून वीज येत नाही. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, एमजी रोडला कुठेही विचारा. घेताना डब्याच्या विजेच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते बघून घ्या, बरेचसे १२चे असतात. गाळ्यात डबा, राउटर आणि फोनचा अडॅप्टर, तिन्हींना लागेल. एक राहिला तरी फोन मुका.

आणि गाळ्यातल्या भिंतीवर ठळक लिहून ठेवा की या फोनवरून ११२ लागत नाही. भट्टीजवळ काही झालं तर माणूस घाईत समोरचाच फोन उचलतो.

तारयंत्र

काळा फोन 'टिक टिक टिक' करून आकडे पाठवतो. तुमच्या डब्याला बटणांचे सूर कळतात, टिकटिक कळत नाही. काही अडॅप्टरांत टिकटिक समजण्याची सोय असते, तुमच्या २०१वाल्याच्या सेटिंगमध्ये 'पल्स डायलिंग' शोधा. मिळालं तर काळा फोन तिथे लावा, गाळ्यापुरता. लँडलाइनला बटणांचाच ठेवा. नाहीतरी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावा लागतो. त्या चकतीवर शून्य धरून अकरा आकडे फिरवायचे म्हणजे निम्मी दुपार गेली.

पितळी घंगाळ

पल्स डायलिंग मिळालं! काळा फोन आता गल्ल्यावर आहे आणि त्यावरून फक्त गाळा लागतो. सासरे सकाळपासून तीनदा २०२ फिरवून झालेत. दोनदा कामासाठी.